ग्रां प्लातोवरील अपघात : पर्वतीय हेलिकॉप्टर-उड्डाणातील एका निर्णयाचा विचार

३१ डिसेंबर १९५६ रोजी फ्रान्समधील शामोनी गावाच्या वर, माँ ब्लाँ पर्वताच्या ग्रां प्लातो या हिमपठारावर, सिकोर्स्की एस-५८ जातीचे एक हेलिकॉप्टर उतरताना कोसळले. त्यातील चौघांपैकी कोणीही दगावला नाही. ज्या दोन गिर्यारोहकांना आणावयास ते गेले होते, ते मात्र पुढे त्याच यंत्राच्या मोडक्या सांगाड्यात मृत्यू पावले. या अपघाताची कारणमीमांसा बहुधा अखेरच्या काही क्षणांपुरती केली जाते. रोटरच्या झोताने भुसभुशीत बर्फ उसळला, वैमानिकांना दिसेनासे झाले आणि यंत्र कलंडले, असे सांगितले जाते. हे खरेच आहे. परंतु ते यंत्र त्या जागी त्या दिवशी का होते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न तोच होय.

झाँ व्हँसाँदाँ हा चोवीस वर्षांचा फ्रेंच तरुण व फ्राँस्वा आँरी हा बावीस वर्षांचा बेल्जियन तरुण, हे दोघे २२ डिसेंबर रोजी शामोनीहून ब्रेन्व्हा सोंडेने माँ ब्लाँ चढण्यासाठी निघाले. नाताळाच्या सुमारास त्यांची गाठ वाल्तेर बोनात्ती व सिल्व्हानो गेझेर या इटालियन जोडीशी पडली. वादळाने चौघांनाही गाठले. बोनात्ती व गेझेर शिखर ओलांडून ४,३६२ मीटर उंचीवरील व्हालो निवाऱ्यापर्यंत पोहोचले व पुढे इटलीच्या बाजूने उतरून वाचले. गेझेरला हिमदंशाने मोठी किंमत मोजावी लागली. व्हँसाँदाँ व आँरी फ्रान्सच्या बाजूने खाली वळले आणि सुमारे ४,००० मीटर उंचीवर अडकून पडले. ते शामोनीतून दुर्बिणीने दिसण्याजोग्या टापूत होते. त्यामुळे संपूर्ण गाव, आणि थोड्याच अवधीत वृत्तपत्रांचे बातमीदारही, या प्रकाराचे प्रेक्षक बनले.

पायी तुकडी पाठवावयाची की नाही, हा पहिला निर्णय. ताज्या बर्फामुळे हिमलोटांचा धोका मोठा असल्याने स्थानिक जाणत्यांनी नकार दिला. या नकाराची पुढे पुष्कळ निर्भर्त्सना झाली. ती सर्वस्वी न्याय्य म्हणता येत नाही. सहाच वर्षांपूर्वी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान याच पर्वतावर आदळून त्यातील ४८ जण मरण पावले होते, आणि त्या विमानाकडे जाणाऱ्या शोधतुकडीतील रने पायो हा शामोनीचा नामांकित वाटाड्या प्राणास मुकला होता. हे मरण गाव विसरले असेल असे मानणे कठीण आहे. तथापि १९५० च्या अन्नपूर्णा मोहिमेतील लिओनेल तेर्रे याला हा नकार पटला नाही. तो स्वतः माणसे जमवून पायी निघाला, आणि या वादात गावच्या वाटाड्यांच्या मंडळाशी त्याचा संबंध तुटला.

पायी जाण्याचा धोका इतका बारकाईने तोलला गेला, पण हेलिकॉप्टरचा धोका त्याच तराजूत घातला गेला नाही. यंत्र आहे, म्हणून मार्ग आहे, असे गृहीत धरले गेले. हा विश्वास अगदीच निराधार नव्हता. ६ जून १९५५ रोजी झाँ म्वान याने बेल ४७ जातीचे हेलिकॉप्टर थेट माँ ब्लाँच्या शिखरावर उतरविले होते. त्याच दिवशी झाँ बूले याने आलुएत-२ या नव्या हेलिकॉप्टरने ८,२०९ मीटरचा उंचीचा विक्रम केला होता. ३ जुलै १९५६ रोजी तर बूले व आँरी पती यांनी आलुएतने व्हालो निवाऱ्यावरून एका आजारी माणसाला खाली आणले होते. परंतु ही सर्व उड्डाणे उन्हाळ्यातली, हलक्या यंत्रांची, आणि पर्वताचा सराव केलेल्या वैमानिकांची होती.

डिसेंबरात गेले ते एस-५८. पूर्ण भाराने सुमारे सहा टन वजनाचे, पिस्टन इंजिनाचे हे लष्करी यंत्र मैदानी युद्धात सैनिक वाहून नेण्यास उत्तम होते. ४,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश एवढीच उरते. इंजिनाची शक्ती घटते, पात्यांची उचल घटते, आणि चूक सुधारण्यास लागणारी शक्तीची शिल्लक जवळजवळ नाहीशी होते. त्यात यंत्र जितके जड, तितका त्याचा खालचा झोत प्रचंड. ज्या शुभ्र उतारावर एक खडक किंवा झाड नाही, तेथे बर्फाचा ढग उठताच वैमानिकाला जमीन कोठे व आकाश कोठे हे कळण्याचे साधनच उरत नाही. यंत्राचे मुख्य वैमानिक आलेक्सी सांतिनी हे नवशिके नव्हते. इंडोचीनच्या युद्धात जखमींना हेलिकॉप्टरने हलविण्याच्या कार्याचे ते एक आद्य प्रवर्तक होते. पण भातखाचरांत मिळविलेला अनुभव हिमनदीवर तसाच्या तसा उपयोगी पडत नाही. अनुभवी माणसाचा आत्मविश्वास मात्र त्याच्याबरोबर सर्वत्र जातो.

अपघातानंतर जे घडले ते अधिक विदारक आहे. सांतिनी, सहवैमानिक आंद्रे ब्लाँ आणि ऑनोरे बॉने व शार्ल झेर्मॅं हे दोन पर्वतज्ञ आता स्वतःच आपद्ग्रस्त झाले. वैमानिकांचा पोशाख हिमशिखरावर रात्र काढण्याजोगा नव्हता. दोन्ही तरुण हिमदंशाने चालण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांना पडलेल्या यंत्राच्या पोटात ठेवून व्हालो निवाऱ्याची वाट धरण्यात आली. वाटेत ब्लाँ हिमभेगेत पडले व त्यांना कष्टाने वर काढावे लागले. त्या क्षणापासून संपूर्ण मोहिमेचे ध्येय नकळत बदलले. ज्यांच्यासाठी ती निघाली होती ते मागे पडले आणि जे वाचवावयास गेले होते त्यांना वाचविणे हेच कार्य होऊन बसले. ३ जानेवारी १९५७ रोजी आलुएत यंत्रांनी व्हालोवर अडकलेल्या बचावकर्त्यांना उतरविले. मोडक्या यंत्रात जीवनाचे चिन्ह दिसत नाही, असा निष्कर्ष काढून शोध थांबविण्यात आला. मृतदेह मार्चमध्ये आणले गेले.

बचावकर्त्यांना उतरविणारी हलकी आलुएत प्रथमच का पाठविली नाही, असे साहजिकच विचारले जाते. याचे उत्तर तांत्रिक नसून संस्थात्मक आहे. लष्कराच्या तळावर तयार होते ते एस-५८. आलुएत नुकतीच निर्मितीस आलेली होती आणि तिच्यावर उंचीचा हात बसलेले लोक मुख्यतः कारखान्याचे चाचणी-वैमानिक होते. शिवाय त्या प्रसंगी निर्णय कोणी घ्यावयाचा, हेच निश्चित नव्हते : गाव, लष्कर, वाटाडे, नातेवाईक आणि वृत्तपत्रे या साऱ्यांचा दाब वैमानिकाच्या आसनावर येऊन साचला. परत फिरण्याचा अधिकार कागदोपत्री त्याचा होता. तो वापरण्याइतकी मोकळीक त्याला होती असे दिसत नाही. १९५८ मध्ये फ्रेंच शासनाने पर्वतीय बचावाची जबाबदारी जिल्हाप्रशासनावर सोपविली आणि शामोनीत जांदार्मरीचे खास पथक उभे राहिले, ते या प्रकरणाचे प्रत्यक्ष फलित होय.

यंत्राच्या बाजूने आलुएत-२ ची परंपरा पुढे चालली. तिच्या सांगाड्यास अधिक शक्तीचे इंजिन जोडून १९६९ मध्ये ‘लामा’ सिद्ध झाले, ते मुळात भारतीय सेनादलांच्या हिमालयातील गरजेसाठी. त्याच लामाने बूले याने २१ जून १९७२ रोजी १२,४४२ मीटरची उंची गाठली; वर इंजिन बंद पडले, आणि केवळ फिरत्या पात्यांच्या आधाराने तो जमिनीवर आला. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने हेच यंत्र ‘चीता’ या नावाने बांधले. सियाचेनच्या ठाण्यांवर चीता घेऊन जाणारा वैमानिक निघण्यापूर्वी इंधन व सामान किलो-किलोने मोजतो. ग्रां प्लातोवर जो हिशेब उतरण्याच्या क्षणी करावा लागला, तो तेथे तळावरच केला जातो.