परदेशातून ड्रोन मागवताय? आधी तो ‘खेळणं’ की ‘विमान’ ते बघा

गावातलं कुणी दुबईला कामाला असलं की "येताना ड्रोन आण" असा निरोप जातोच. पण पैसे पाठवण्याआधी कस्टमचा नियम समजून घ्या.

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मालाला वर्गवारीचा नंबर असतो. त्याला एचएस कोड म्हणतात. ड्युटी किती आणि माल आत येणार का, हे त्यावरून ठरतं. आधी ड्रोनला स्वतःचा नंबर नव्हता. कधी तो कॅमेऱ्यात धरायचे, कधी विमानात. १ जानेवारी २०२२ पासून ड्रोनसाठी ८८०६ हा वेगळा नंबर आला.

फक्त करमणुकीसाठी बनवलेलं उडतं खेळणं मात्र ९५०३ मध्ये, म्हणजे खेळण्यांत जातं. "हौसेसाठी घेतलाय" म्हणून चालत नाही. वस्तू कशासाठी बनवली आहे, ते बघतात. हलका आहे म्हणूनही सुटका नाही, कारण ८८०६ मध्येच २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनचा गट आहे.

९ फेब्रुवारी २०२२ पासून ८८०६ मधल्या तयार ड्रोनच्या आयातीला बंदी आहे. खोलून, जोडणीच्या किटमध्ये आणला तरी तेच. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामाला सूट आहे, तीही परवानगीनेच. मोटर, पंख्यासारखे सुटे भाग आणता येतात.

बॅगेत ड्रोन असेल तर विमानतळावर कस्टमला आधीच सांगा. लपवला तर जप्ती आणि दंड. त्यापेक्षा देशात बनलेला घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवर जीएसटी ५ टक्केच आहे.