तडजोडीचे मोल

पाथर्डीहून पश्चिमेस पन्नासेक किलोमीटरवर अहमदनगरचा भुईकोट किल्ला आहे. शहर व जिल्हा आता अहिल्यानगर या नावाने ओळखले जातात. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या ज्या नेत्यांना इंग्रज सरकारने येथे स्थानबद्ध केले, त्यांत सरदार वल्लभभाई पटेल व आचार्य कृपलानी होते. पुढे घटना समितीने मूलभूत हक्क व अल्पसंख्याक यांविषयी सल्लागार समिती नेमली. तिचे अध्यक्ष पटेल होते, तर तिच्या मूलभूत हक्क उपसमितीचे कृपलानी. आम्हां ख्रिस्ती जनांचे भवितव्य ठरविणाऱ्या दोन तडजोडी या समितीच्या कार्यातून आकारास आल्या.

पहिली तडजोड एका शब्दाची होती. धर्म मानण्याच्या व आचरण्याच्या हक्कासोबत ‘प्रसार’ हा शब्द असावा काय, यावर डिसेंबर १९४८ मध्ये वाद झाला. लोकनाथ मिश्र यांनी विरोध केला. कन्हैयालाल मुन्शी यांनी मात्र, हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या तडजोडीतून आला आहे, ती मोडू नये, असे बजावले. शब्द टिकला. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा त्याला पडली. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली लावला.

दुसरी तडजोड त्यागाची होती. इंग्रजी अमदानीतील विभक्त मतदारसंघ गेले, तरी १९४७ साली मुंबई व मद्रास प्रांतांतील ख्रिस्ती लोकांना राखीव जागा देण्याचे ठरले होते. फाळणीनंतर वारे पालटले. मे १९४९ मध्ये धर्माधारित राखीव जागा रद्द करण्याचा ठराव सल्लागार समितीत मांडणारे डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. घटना समितीत येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा यांनी त्या निर्णयास पाठिंबा दिला. बहुसंख्याकांवर विश्वास टाकण्यातच अल्पसंख्याकांचे हित आहे, ही त्यामागील धारणा होती. अनुसूचित जातींच्या राखीव जागा मात्र राहिल्या.

हा त्याग उदात्त होता, हे आम्ही मानतो. पण त्याचे मोल कोणी चुकविले? घटनेच्या ३४१व्या अनुच्छेदात धर्माची अट नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने मात्र अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांना तो मिळाला. ख्रिस्ती दलित वगळलेलेच राहिले. ख्रिस्ती म्हणून जागा समाजाने सोडल्या, आणि दलित म्हणून असलेला दर्जा आदेशाने नाकारला.

नगर जिल्ह्यातील असंख्य ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज महार-मांग वस्त्यांतून आले. पाथर्डीसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात, जिथली माणसे दरसाल ऊसतोडीला गाव सोडतात, तिथे बाप्तिस्म्याने जात पुसली गेली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तडजोड करणाऱ्यांच्या हेतूंविषयी आम्हांला शंका नाही. समाजाच्या वतीने बोलणाऱ्यांपाशी शिक्षण होते, प्रतिष्ठा होती. राखीव जागांवाचून त्यांचे अडणार नव्हते. ज्यांचे अडणार होते, त्यांना विचारले गेले नाही. समाजाच्या नावे पुढे जी तडजोड होईल, तिच्या वेळी प्रथम त्यांना विचारले जावे, एवढे तरी आपण या इतिहासातून शिकावे.