कबुतराच्या पायातलं कडं

पिल्लू सहा-सात दिवसांचं झालं की ढाबळीचा मालक त्याला तळहातावर घेतो. पायाची पुढची तीन बोटं एकत्र जुळवून तो धातूच्या कड्यातून ओवतो, मागचं बोट पायाला चिकटवून कडं त्याच्यावरून वर सरकवतो आणि अडकलेलं ते बोट हलकेच सोडवतो. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. पण ते त्याच आठवड्यात व्हावं लागतं. घाई केली तर कडं गळून पडतं आणि उशीर झाला तर पाऊल आत जात नाही. वेळेवर घातलेलं कडं मात्र जन्मभर निघत नाही, कारण त्याला सांधाच नसतो. बाळाच्या पायातले वाळे वयाबरोबर बदलतात, हे कडं बदलत नाही. त्यावर देशाची अक्षरं, जन्माचं साल आणि क्रमांक कोरलेला असतो. परसात, गच्चीवर किंवा खिडकीच्या कठड्यावर एखादं अनोळखी कबूतर दमून बसलेलं दिसलं, तर ते कुणाचं आहे हे सांगणारी एवढीच एक वस्तू त्याच्याजवळ असते.

कबूतर माणसाच्या सोबतीला हजारो वर्षं आहे, पण कडं अलीकडचं. निरोप्या कबुतराला त्याची गरज नव्हती. अकबराच्या पदरी वीस हजारांहून अधिक कबुतरं होती, असं अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त नोंदवतो. कबुतरं उडवण्याच्या या नादाला बादशहाने नाव दिलं होतं 'इश्कबाजी'. तिथे ओळख पटवण्याचं काम डोळ्यांचं होतं. रंग, पंख आणि उडण्याची ढब पाहून पारख व्हायची. 1850 मध्ये जर्मनीतलं आखेन आणि बेल्जियममधलं ब्रुसेल्स यांच्यामध्ये तारेचा दुवा अजून जोडलेला नव्हता. पॉल ज्युलियस रॉयटरने बाजारभाव कबुतरांच्या पायांशी बांधून ती फट भरून काढली आणि रेल्वेला मागे टाकलं. जगप्रसिद्ध वृत्तसंस्थेची सुरुवात ही अशी. पुढे 1870-71 मध्ये पॅरिसला वेढा पडला तेव्हा बलूनमधून कबुतरं शहराबाहेर नेत आणि ती सूक्ष्म फिल्मवर उतरवलेले शेकडो निरोप घेऊन परत येत. या सगळ्यात महत्त्व होतं ते कागदाला. तो पोचला की काम झालं, आणणारं पाखरू कोणतं हे कुणी विचारत नव्हतं.

तो प्रश्न उभा केला शर्यतीने. तारायंत्र पसरलं, टपालाचं काम संपलं, तरी बेल्जियमच्या लोकांनी कबुतरं सोडली नाहीत. खाणकामगार, विणकर, छोटे दुकानदार अशा साध्या माणसांनी परसातल्या ढाबळीत जाती जोपासल्या आणि रेल्वेने पेटारे दूरवर पाठवून शर्यती लावल्या. या शर्यतीची रचना मला जगातल्या सगळ्या शर्यतींत अनोखी वाटते: आरंभ एकच, पण शेवट ढाबळी असतील तितके. प्रत्येक पाखरू आपापल्या घरी जातं. म्हणून आधी कोण पोचलं याला अर्थ नसतो. सुटल्याच्या जागेपासून प्रत्येक ढाबळीचं अंतर मोजायचं, लागलेल्या वेळाने भागायचं आणि मिनिटाला किती मीटर हा वेग काढायचा. ज्याचा वेग जास्त, तो विजेता.

म्हणजे सगळं येऊन ठेपलं मालकाच्या शब्दावर. आलेलं कबूतर तेच, जे सोडलं होतं? की घरी बसवलेलं त्याचं जुळं भावंड? पैसा लागलेला असायचा, त्यामुळे शंकाही तितक्याच. पंखाच्या मोठ्या पिसांवर शाईचा शिक्का मारून पाहिला, पण पिसं दरवर्षी गळतात. पाय गळत नाही. सांधा नसलेलं कडं जन्मलं ते या अविश्वासातून, आणि ते इतकं चोख ठरलं की पुढे संघटना कड्यांचीच नोंदवही ठेवू लागल्या. त्याच्या जोडीला प्रत्येक शर्यतीपुरतं एक रबरी कडं आलं. पाखरू ढाबळीत शिरलं की मालकाने ते काढायचं आणि वेळ नोंदवायला क्लबकडे धाव घ्यायची. त्यासाठी धावणारी पोरं ठेवलेली असत. मग मोहोरबंद घड्याळं आली. रबरी कडं डबीत घालून घड्याळात टाकलं की त्या क्षणाची वेळ कागदावर उमटायची. शेकडो किलोमीटर उडून आलेलं पाखरू छपरावरच बसून राहिलं आणि आत शिरेना, म्हणून हरलेल्या शर्यती किती असतील! आता पायात चिप असते आणि ढाबळीच्या दारातलं यंत्र ती आपोआप वाचतं. जन्माचं कडं मात्र आहे तसंच आहे.

त्या कड्याला दुसरा अर्थ दिला युद्धांनी. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये घरपरत्या कबुतराला मारणं किंवा जखमी करणं हा गुन्हा ठरला. शिक्षा होती सहा महिने कैद किंवा 100 पौंड दंड. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या हजारो हौशी पाळणाऱ्यांनी आपली पाखरं सैन्याला दिली. त्यातलं एक कधी परतलंच नाही. 1982 मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या एका घराच्या धुराड्यात त्याचा सांगाडा सापडला. पायाशी लाल डबी आणि डबीत सांकेतिक निरोप. ब्रिटनच्या गुप्तलेखतज्ज्ञांना तो मजकूर उलगडला नाही. पण त्याच कागदावर दोन कबुतरांचे कडेक्रमांकही लिहिलेले होते. त्यातल्या एकात 40 हा आकडा आहे आणि दुसऱ्यात 37, म्हणजे एक पाखरू 1940 चं, दुसरं 1937 चं. निरोप मुका राहिला, पण पाखरांची जन्मसालं आज कुणालाही वाचता येतात.

पण अशा कबुतराची वाट मुळात का चुकते? सूर्याची दिशा, पृथ्वीचं चुंबकत्व, हवेतले वास, ओळखीचे रस्ते आणि नद्या हे सगळं कबूतर वापरतं, आणि यातलं काहीतरी एक बिघडलं की गोंधळतं. जून 1997 मध्ये ब्रिटनच्या कबूतर-शर्यत संघटनेच्या शताब्दीनिमित्त फ्रान्समधल्या नांतहून साठ हजारांवर कबुतरं सोडली. त्यातली फार थोडी वेळेवर घरी पोचली. एका अमेरिकी भूशास्त्रज्ञाचा तर्क असा, की त्यांच्या मार्गावरून गेलेल्या काँकॉर्ड विमानाच्या ध्वनिस्फोटाने, आपल्याला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजांवरून दिशा धरणारी पाखरं भांबावली. याखेरीज ससाणे, वादळं आणि विजेच्या तारा आहेतच. थकलेलं पाखरू मग जिथे पाणी आणि माणसाची चाहूल दिसेल तिथे उतरतं. लहानपणापासून माणसाच्या हातून खाल्लेलं असल्याने ते माणसाला भीत नाही. त्याचा जीव वाचतो तो याच विश्वासामुळे, आणि कधी धोक्यात येतो तोही त्याचमुळे.

26 डिसेंबर 2020 ला मेलबर्नमधल्या एका परसात असंच एक खंगलेलं कबूतर उतरलं. पायात निळं कडं. क्रमांक शोधला तर तो अमेरिकेतला निघाला. त्या क्रमांकाचं कबूतर ऑक्टोबरअखेरीस ओरेगन राज्यातल्या शर्यतीत हरवलेलं. तेरा हजार किलोमीटरची मजल, असा बोलबाला झाला, पाखराला 'जो' हे नाव मिळालं आणि ऑस्ट्रेलिया सरकारने रोगराईच्या धास्तीने त्याला मारण्याची तयारी चालवली. जानेवारीत अमेरिकन रेसिंग पिजन युनियनने कळवलं, की कडं नकली आहे आणि त्या क्रमांकाचं खरं कबूतर वेगळंच आहे. मग 'जो' ऑस्ट्रेलियाचाच असावा असं ठरलं आणि तो सुटला. एका कड्याने त्याला मरणाच्या दारात उभं केलं आणि त्याच कड्याच्या खोटेपणाने वाचवलं.

आपल्या मुंबईतही असं घडलं. मे 2023 मध्ये चेंबूरच्या पीर पाऊ जेटीजवळ एक कबूतर पकडलं गेलं. पायांत दोन कडी, पंखांच्या खालच्या बाजूला चिनीसारखी अक्षरं. हेरगिरीचा संशय आला. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या रुग्णालयात त्याला ठेवलं आणि तिथे त्या निरोगी पाखराने आठ महिने काढले. चौकशीत निघालं ते एवढंच, की ते तैवानमधल्या खुल्या समुद्रावरच्या शर्यतीचं पाखरू होतं आणि निसटून भारतात आलेलं होतं. जानेवारी 2024 च्या अखेरीस त्याला सोडलं. पिसांवर शिक्का मारण्याची चाल शर्यतवाल्यांत जुनी आहे; ती अक्षरंही त्यातलीच असावीत असं मला वाटतं. आपल्या देशाला तर कबुतरांचं ज्ञान नवं नाही. ओडिशा पोलिसांचं कबूतरदल 1946 पासून होतं आणि 1999 च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्या तेव्हा त्याच पाखरांनी निरोप पोचवले. इतका जवळचा अनुभव असताना आठ महिन्यांचा पिंजरा टाळता आला असता, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे असं पाखरू उतरलंच तर आधी मांजर-कुत्र्यांपासून दूर, हवा येईल अशा खोक्यात ठेवा. पाणी खोलगट भांड्यात द्या, कारण कबूतर चोच बुडवून ओढून पितं, बशीतलं त्याला पुरत नाही. ज्वारी, मका, कोरडे वाटाणे चालतात. पाव देऊ नका. मग कडं वाचा. त्यावर 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'ला कळवण्याची सूचना असेल, तर ते अभ्यासासाठी कडं घातलेलं पाखरू आहे. क्रमांक त्या संस्थेला कळवा. देशाची अक्षरं आणि साल असेल तर शर्यतीचं. त्या देशाच्या किंवा जवळच्या शहरातल्या कबूतर-संघटनेला क्रमांक पाठवा, मालक मिळतो. बहुतेक निरोगी पाखरं दोन-तीन दिवसांच्या विसाव्यानंतर स्वतःच निघतात. त्यांना अडवू नका, आणि कडं कापून ठेवून घेऊ नका.