डिझेल ट्रकमधील टर्बो-इंटरकूलर जोडण्या : देखभालीच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, पेटंट आणि शोधक यांना अग्रस्थान मिळते. यंत्र कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर ते कोणी व कोणत्या ज्ञानाच्या बळावर चालते ठेवले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात नवशोधापेक्षा वापर व देखभाल यांकडे इतिहासकारांचे लक्ष वेधले. त्याच दृष्टीने प्रस्तुत लेखात डिझेल ट्रकच्या एका दुर्लक्षित भागाचा, म्हणजे टर्बोचार्जर, इंटरकूलर व इंजिन यांना जोडणाऱ्या होज पाइपांचा आणि त्यांवरील क्लिपांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) ट्रकमधील टर्बो-इंटरकूलर जोडण्यांच्या विकासाचा मागोवा घेणे.
२) भारतात या जोडण्यांच्या देखभालीची जबाबदारी कोणाकडे गेली, हे पाहणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

१. दाबलेल्या हवेचा प्रवास :

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. इंजिनात किती इंधन जाळता येईल, हे आत येणाऱ्या हवेवर अवलंबून असते. वाया जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवावे व त्याच्या जोरावर ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांची होय. त्यांचे पेटंट १९०५ चे आहे. तिचा प्रथम उपयोग झाला तो जहाजांवर. १९२० च्या दशकात 'प्रॉयसेन' व 'हान्झेश्टाट डान्झिग' या जर्मन जहाजांच्या इंजिनांची शक्ती टर्बोचार्जरमुळे १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. स्वित्झर्लंडमधील झाउरर कंपनीने १९३८ मध्ये ट्रकसाठी टर्बो इंजिन तयार केले, तर स्वीडनच्या व्होल्वोने १९५४ मध्ये 'टायटन टर्बो' हा ट्रक आणला.

हवा दाबली की तापते आणि तापली की विरळ होते. त्यामुळे दाबाचा काही लाभ वाया जातो. ही हवा इंजिनात जाण्यापूर्वी थंड करणारे साधन म्हणजे इंटरकूलर. ट्रकमध्ये ते बहुधा पुढील बाजूस रेडिएटरलगत चौकटीला पक्के बसवलेले असते. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर असते आणि चढावर जोर लावताना ते डोलते. स्थिर इंटरकूलर व हलते इंजिन यांच्यामध्ये लवचीक होज अपरिहार्य ठरतो. संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नाजूक दुवा येथेच निर्माण झाला.

२. होज आणि क्लिप :

आजही गॅरेजमध्ये सर्वत्र आढळणारी, स्क्रूने आवळण्याची पट्टीची क्लिप ब्रिटिश नौदलातील अधिकारी लम्ली रॉबिन्सन यांच्या नावे आहे. तिचे पेटंट १९२१ चे असून 'ज्युबिली क्लिप' या नावाने ती प्रसिद्ध झाली. पाण्याच्या होजसाठी ती पुरेशी होती. परंतु टर्बोतून निघणारी हवा १५० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकते. साधे रबर अशा उष्णतेत कडक होऊन तडकते. १९४० च्या दशकात व्यापारी उत्पादनात आलेल्या सिलिकॉन रबराने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. कापडी थरांनी बळकट केलेले सिलिकॉनचे होज टर्बोकडील उष्ण बाजूस वापरले जाऊ लागले.

तथापि नव्या पदार्थाने नवे प्रश्न आणले. सिलिकॉन मऊ असल्याने खाचांच्या पट्टीची क्लिप त्यात रुतते व होज कापते. तेलाचे बाष्पही त्याला मानवत नाही. म्हणून रुंद पट्टीचे, टी-बोल्टने आवळायचे क्लॅम्प आले. पुढे त्यांना स्प्रिंगची जोड मिळाली. इंजिन तापल्यावर होज फुगतो व थंड झाल्यावर आकसतो. स्प्रिंगमुळे दोन्ही अवस्थांत पकड जवळपास सारखी राहते.

३. भारतातील दोन परंपरा :

भारतात मोठ्या प्रमाणावर टर्बोचार्जर रस्त्यापूर्वी रुळांवर आला. १९६२ मध्ये आयात झालेल्या आणि नंतर वाराणसीत बनू लागलेल्या २६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल लोकोमोटिव्हला टर्बोचार्जर होता. त्याची देखभाल लोको शेडमध्ये, ठरलेल्या वेळापत्रकानुसार व नोंदी ठेवून होत असे. देखभाल हे तेथे संस्थेचे कर्तव्य होते.

रस्त्यावरील चित्र निराळे होते. टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून जमशेदपूर येथे ट्रक बनवले. या काळातील भारतीय ट्रकांची इंजिने प्रामुख्याने टर्बोविरहित होती. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्समुळे आणि त्यानंतरच्या उत्सर्जन मानकांमुळे टर्बो व इंटरकूलर हे जड ट्रकचे नित्याचे भाग बनले. देशभर भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून, तर भारत स्टेज-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. रेल्वेत जे काम शेडचे होते, ते येथे चालक, क्लीनर आणि महामार्गावरील मिस्त्री यांच्याकडे आले. त्यांच्यापाशी नोंदवही नव्हती. होते ते कान, डोळे आणि उस्तादाकडून मिळालेले शिक्षण.

४. देखभालीचे स्वरूप :

जोडणी सुटली की गाडी ओढत नाही, काळा धूर मारते आणि डिझेल जास्त खाते, हे चालकाला ठाऊक असते. त्यामागील कारण असे की, इंजिनाला अपेक्षित हवा मिळत नाही आणि तूट भरून काढण्यासाठी टर्बो अधिक वेगाने फिरतो. एअर फिल्टर व टर्बो यांच्यामधील होज फाटल्यास हानी अधिक गंभीर असते. गाळणीविना आत गेलेली धूळ प्रथम टर्बोची पाती आणि नंतर सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा झिजवते.

जोडणी बसवताना पाइपाचे तोंड तेलमुक्त करणे, क्लॅम्प पाइपाच्या उंचवट्यामागे बसवणे व तो ठरलेल्या टॉर्कनेच आवळणे हे मूलभूत नियम होत. गळती दिसताच क्लिप आणखी आवळणे हा सर्रास होणारा उपाय पुष्कळदा होज कापण्यास कारणीभूत ठरतो. दोन्ही टोके बंद करून ठरावीक दाबाची हवा भरणे आणि दाब किती उतरतो ते पाहणे, ही शास्त्रीय तपासणी होय. साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधणे हे तिचेच गॅरेजमधील रूप आहे.

नव्या ट्रकमधील सेन्सर हवेचा दाब कमी असल्याचे सांगतो. कोणता होज कोठे चिरला आहे, हे सहसा सांगत नाही. ते शोधण्यासाठी आजही हातच लागतो. तरीही निदानाचे अधिकृत साधन कंपनीच्या संगणकात गेल्याने उस्ताद-शागीर्द परंपरेचे मोल कमी लेखले जाते.

निष्कर्ष :

१) टर्बो इंजिनाचे यश चक्राइतकेच होज व क्लिप यांच्या सुस्थितीवर अवलंबून आहे.
२) भारतात ही देखभाल रेल्वेत संस्थात्मक, तर रस्त्यावर व्यक्तिगत व मौखिक परंपरेवर उभी राहिली.
३) रेल्वे शेडच्या देखभालीला नोंदींचा आधार होता, मिस्त्रींच्या ज्ञानाला तो नाही. टर्बोविरहित ट्रकपासून सेन्सरयुक्त ट्रकपर्यंतचा बदल ज्यांनी हाताने अनुभवला, ती पिढी आज निवृत्त होत आहे. तिच्या मुलाखतींचे संकलन महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी स्थानिक पातळीवर हाती घेतल्यास भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघू शकेल.