पॉवर टिलरचं इंजिन जोरात, पण चाल मंद. बिघाड कुठे शोधायचा?

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरचं खर्डी आणि आसपासची शहापूर, मुरबाड तालुक्यांतली गावं म्हणजे भातशेतीचा भाग. इथली खाचरं लहान असल्याने चिखलणीसाठी मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा पॉवर टिलर सोयीचा पडतो. पण ऐन आवणीत टिलरची चाल मंदावली, तर सगळं गणित बिघडतं. राबातलं रोप साधारण २१ ते २५ दिवसांचं असताना लावणं चांगलं. त्यापुढे जितका उशीर होईल, तितके फुटवे कमी येतात. शिवाय मजूर ठरलेले असतात आणि खाचरातलं पाणी थांबून राहत नाही.

अशा वेळी ‘इंजिन गेलं’ किंवा ‘गिअरबॉक्स गेला’ अशी भीती वाटते. प्रत्यक्षात बिघाड अनेकदा बेल्ट किंवा क्लचसारख्या साध्या ठिकाणी असतो. म्हणून तपासणी स्वस्त भागापासून सुरू करावी.

ताकद चाकांपर्यंत कशी पोहोचते?

आपल्याकडच्या १२-१३ अश्वशक्तीच्या डिझेल टिलरमध्ये इंजिनच्या पुलीवरून व्ही-बेल्ट मुख्य क्लचच्या पुलीवर जातात. क्लचमधून ताकद गिअरबॉक्सला आणि तिथून चाकांना व रोटरीला मिळते. यातली एक कडी जरी घसरली, तरी इंजिन जोरात चालतं आणि टिलर मात्र रांगतो.

आधी आवाज ऐका

- इंजिनचा आवाज तसाच, चाल मंद: बेल्ट किंवा क्लच घसरतो आहे.
- भार येताच आवाज दबतो, काळा धूर येतो: एअर क्लीनर तुंबला आहे किंवा रोटरी जास्त खोल लावली आहे.
- भार नसतानाही इंजिन वेग घेत नाही: थ्रॉटलची केबल किंवा डिझेल फिल्टर पाहावा.
- चाकं फिरतात, टिलर पुढे जात नाही: यंत्रात बिघाड नाही, चाकांना पकड नाही. चिखलात रबरी टायरऐवजी लोखंडी पिंजरा-चाकं लागतात.

गिअर कुठे आहे, हेही पाहून घ्यावं. ज्या टिलरमध्ये हाय-लो असे दोन टप्पे असतात, तिथे लिव्हर लो मध्ये राहून गेला, तरी वेग गेल्यासारखा वाटतो.

बेल्ट कसा तपासायचा?

इंजिन बंद करून थंड होऊ द्यावं. बेल्टचं कव्हर काढावं आणि दोन पुलींच्या मधोमध बेल्ट अंगठ्याने दाबावा. तो साधारण दीड-दोन सेंटिमीटर दबायला हवा. नेमकं माप त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत असतं. जास्त दबत असेल, तर ताण वाढवावा. अनेक टिलरमध्ये इंजिनचे बोल्ट सैल करून ते पुढे सरकवलं की ताण वाढतो. दोन्ही पुली एका रेषेत आहेत ना, हे पाहूनच बोल्ट पुन्हा आवळावेत. बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला, तर बेअरिंग लवकर खराब होतं.

व्ही-बेल्ट पकड घेतो तो दोन्ही बाजूंनी, तळाने नाही. झिजलेला बेल्ट खाचेत खोल बसतो आणि खाचेचा तळ घासून चकाकतो. असा बेल्ट कितीही ताणला तरी घसरतोच. तो बदलावा लागतो. बेल्ट एकापेक्षा जास्त असतील, तर सगळे एकदम बदलावेत. एकच नवा टाकला, तर जास्तीचा भार त्याच्यावर येतो.

दुकानात जाताना जुन्या बेल्टवरचा नंबर टिपून न्यावा. ‘बी’ हे अक्षर बेल्टची जाडी-रुंदी सांगतं. त्यापुढचा आकडा म्हणजे इंचातली लांबी.

बेल्टवर चिखल किंवा तेल असेल, तर कोरड्या फडक्याने पुसावं. ग्रीस किंवा ऑइल लावू नये. कव्हर न लावता टिलर चालवू नये. चिखल उडून बेल्ट घसरतो आणि फिरत्या बेल्टमध्ये हात किंवा कपडा अडकू शकतो.

बेल्ट ठीक असेल तर?

यानंतर क्लच पाहावा. क्लच लावल्यावर लिव्हरला थोडी मोकळीक असायला हवी. ती नसेल, तर क्लच पूर्ण बसत नाही, घसरतो आणि जळका वास येतो. जोडणी नीट करूनही वास येत असेल, तर प्लेटा झिजल्या असतील किंवा सील फुटून आत तेल आलं असेल. हे काम मेकॅनिकचं आहे.

अनेक मॉडेलमध्ये क्लच आणि ब्रेक एकाच लिव्हरवर असतात. ब्रेक अर्धवट अडकला, तरी चाल मंदावते. थोडं चालवून टिलर थांबवल्यावर ब्रेकचा भाग जास्त तापलेला जाणवला, तर तिथेच शंका घ्यावी.

शेवटी गिअर ऑइल. पातळी कमी आहे का, हे पाहावं. ऑइल दुधासारखं दिसत असेल, तर आत पाणी शिरलं आहे. चिखलणीत चाकांच्या किंवा रोटरीच्या सीलमधून असं होऊ शकतं. अशा वेळी टिलर चालवत राहिल्यास गिअर आणि बेअरिंग खराब होतात. सील आणि ऑइल दोन्ही बदलून घ्यावेत.

मेकॅनिकला कधी बोलवावं?

गिअरबॉक्समधून खडखडाट येत असेल, एकच गिअर निसटत असेल किंवा बेल्ट-क्लच नीट असूनही चाल सुधारत नसेल, तर टिलर उघडण्याच्या भानगडीत पडू नये. इंजिनचा आवाज, धूर आणि आधी काय तपासलं, हे फोनवर नीट सांगितलं, तर मेकॅनिक योग्य सुटे भाग सोबत घेऊन येऊ शकतो.

मृग लागण्याआधी बेल्टचा एक जादा संच, डिझेल फिल्टर आणि क्लचची केबल घरात आणून ठेवावी. भर पावसात खाचर सोडून सुट्या भागासाठी शहापूर किंवा कल्याण गाठण्यापेक्षा ते परवडतं.