मलिकंबराचें चरित्र कोणीं सांगावें ?

निजामशाहीचा शेवटला मोठा कर्ता पुरुष मलिकंबर याचें नांव दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. त्याच्या लढाया, त्याची जमाबंदी, त्यानें वसविलेली खडकी, यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्या सर्वांची पुनरुक्ति करण्याचा आमचा हेतु नाहीं. या पुरुषाविषयीं जें सांगितलें गेलें तें कोणाच्या हातून सांगितलें गेलें, आणि ज्या देशांतून तो आला त्या देशाच्या तरुणांस तें सांगण्याची संधि आपण देणार कीं नाहीं, या दोनच प्रश्नांचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. ‘अंबर’ हा शब्द पाहतांच संस्कृतज्ञ वाचकाच्या मनांत आकाश किंवा वस्त्र हा अर्थ येतो. परंतु येथें तो शब्द अरबी आहे, आणि त्याचा अर्थ समुद्रांत सांपडणारें एक मूल्यवान् सुगंधी द्रव्य असा आहे. गुलामांस सुगंधांचीं व रत्नांचीं नांवें देण्याची चाल त्या जगांत होती. जौहर म्हणजे रत्न व याकूत म्हणजे माणिक. आपल्या इतिहासांतील सिद्दी जौहर व सिद्दी याकूत हीं नांवें त्याच परंपरेंतलीं होत. ‘मलिक’ ही पदवी त्यास विजापूरच्या चाकरींत मिळाली. मराठी जिभेनें दोहोंचा संधि करून ‘मलिकंबर’ केलें, व त्याच्या जमाबंदीस ‘मलिकंबरी’ म्हटलें. इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणांत जन्मलेल्या या मुलाचें मूळचें नांव चापू होतें असें सांगतात. म्हणजे ज्या नांवानें तो अजरामर झाला तें नांवही त्याचें स्वतःचें नव्हे.

तांबड्या समुद्रावरील मोखा बंदर व बगदाद या मार्गानें तो हातोहात विकला जात दख्खनेंत आला. बगदाद येथील त्याचा धनी मीर कासीम यानें त्यास लिहावयास वाचावयास शिकविलें. इ. स. १५७० नंतर लवकरच तो निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरीं आला. हा चंगीजखान स्वतः हबशी असून पूर्वीं गुलामच होता, आणि त्याच्या पदरीं हजारभर हबशी होते अशी प्रसिद्धि आहे. इ. स. १५७४ मध्यें वऱ्हाडची इमादशाही जिंकून निजामशाहीस जोडली गेली ती याच्याच पेशवाईंत. अशा कर्त्या पुरुषाच्या हाताखालीं अंबरास राज्यकारभार व फौज यांचें शिक्षण मिळालें. चंगीजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेनें अंबरास मुक्त केलें. गुलामगिरीचें क्रौर्य यामुळें झांकलें जात नाहीं. तथापि परमुलखांत आलेल्या पोरास शिक्षण देणारा, काम सोंपविणारा आणि अखेर मोकळा करणारा कोणी भेटला, म्हणूनच पुढील चरित्र घडलें.

हेंच ऋण अंबरानें पुढें दुसऱ्या पिढीस फेडलें असें म्हणावयास आधार आहे. इ. स. १६०० मध्यें अहमदनगर मोगलांनीं घेतल्यावर त्यानें परांड्यास मुर्तजा निजामशहास गादीवर बसवून राज्य पुन्हा उभें केलें, तें मुख्यतः मराठा घोडेस्वारांच्या बळावर. इ. स. १६२४ मध्यें अहमदनगरनजीक भातवडी येथें मोगल व आदिलशाही फौजांचा मोड झाला. त्या संग्रामांत तरुण शहाजी राजे त्याच्या बाजूनें लढले, व त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. शहाजी राजांचा लौकिक या लढाईपासून वाढला हें प्रसिद्ध आहे.

आतां शत्रूच्या लेखणीकडे वळूं. बादशहा जहांगीर आपल्या आत्मचरित्रांत अंबराचें नांव बहुधा शिवी जोडल्यावांचून घेत नाहीं, आणि ती शिवी बहुतेक त्याच्या वर्णावरून असते. इ. स. १६१६ च्या सुमारास चित्रकार अबुल हसन यानें बादशहाचें एक चित्र काढलें. त्यांत जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोंवलेल्या अंबराच्या मस्तकास बाण मारीत आहे. हें चित्र सांप्रत डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहांत आहे. वस्तुतः अंबर मोगलांच्या हातीं कधींच लागला नाहीं, तो इ. स. १६२६ मध्यें वृद्धपणीं वारला व खुलताबादेस त्याची कबर आहे. जें रणांत साधलें नाहीं तें रंगांत साधलें, एवढाच त्या चित्राचा इतिहासदृष्ट्या अर्थ. उलट, त्या आत्मचरित्राचा कांहीं भाग ज्याच्या हातून लिहिला गेला, त्या मुतमिदखानानें अंबराच्या मृत्यूची नोंद करतांना युद्धांत, सरदारींत व कारभारांत त्यास तोड नव्हती असें मान्य केलें आहे. हाशिम या चित्रकारानें काढलेलें, शांत व करारी मुद्रेचें अंबराचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे. दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून पाहावींत, अशी वाचकांस आमची सूचना आहे.

स्वदेशी साधनांत ‘शिवभारता’चें महत्त्व येथें विशेष आहे. कवींद्र परमानंदाचें हें संस्कृत काव्य स. म. दिवेकर यांनीं तंजावराहून उजेडांत आणून इ. स. १९२७ मध्यें प्रसिद्ध केलें. भातवडीच्या प्रसंगीं परमानंद अंबरास सूर्यासारखा प्रतापी म्हणतो, आणि कार्तिकेयाभोंवतीं देव जमावे तसे शहाजी प्रभृति राजे त्याच्याभोंवतीं जमले असें वर्णितो. शिवछत्रपतींचा कवि एका हबशी सेनापतीस देवसेनानीची उपमा देतो, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. याच ग्रंथांत पन्हाळ्याच्या वेढ्याच्या वेळीं, इ. स. १६६० मध्यें, सिद्दी जौहराविरुद्ध महाराजांच्या बाजूनें लढणारा सिद्दी हिलाल व त्याचा पुत्र वाहवाह हेही भेटतात. तरीही जंजिऱ्याच्या दीर्घ वैरामुळें ‘सिद्दी’ शब्दास आपल्या लोकांत केवळ शत्रूचा वास येऊं लागला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र ‘माझा स्वामी’ असा आहे.

आमचा भंडारा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यांतील; येथें निजामशाहीचा अंमल नव्हता. तुमसरनजीकच्या अंबागडाचा संबंध मलिकंबराशीं जोडण्याचा मोह कोणास झाल्यास तो आवरावा. तो किल्ला देवगडच्या बख्त बुलंदाच्या काळचा, म्हणजे अंबराच्या मृत्यूनंतर साठाहून अधिक वर्षांनीं झालेला आहे. परंतु अठराव्या शतकांत रघूजी भोसल्यांच्या मागून घाटावरचीं व वऱ्हाडांतील घराणीं इकडे आलीं. त्यांच्या दप्तरांत मागल्या वतनांचे कागद असण्याचा संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं असे रुमाल असतील त्यांनीं मलिकंबरी आकाराचा उल्लेख, हबशी अंमलदारांचीं नांवें व शिक्के यांची नोंद करून ती प्रसिद्धीस द्यावी.

शेवटीं मुख्य मुद्द्याकडे येतों. न्यूयॉर्कच्या शॉमबर्ग केंद्रानें इ. स. २०१३ मध्यें हिंदुस्थानांतील आफ्रिकी लोकांविषयीं एक प्रदर्शन भरविलें, व त्यानंतर या विषयाकडे जगाचें लक्ष वाढलें आहे. परंतु मोडी कागद आमच्यापाशीं आहेत, आणि ते वाचणारे तरुण हबसाणांतून अद्याप आमच्या दाराशीं आलेले नाहींत. पुण्यास आफ्रिकेंतील विद्यार्थी कित्येक वर्षें शिक्षणासाठीं येतात; त्यांतील कितींस आपण एखादें दप्तर उघडून दाखविलें ? ‘चापू’ हें नांव कोणत्या भाषेंतलें व त्याचा अर्थ काय, हा साधा प्रश्नही आमच्यापैकीं कोणी सोडवूं शकत नाहीं. हरारचा किंवा कंबाटाचा एखादा तरुण तो कदाचित् बसल्या जागीं सोडवील. म्हणून इतिहाससंशोधक संस्थांनीं अशा दोन तरुणांस तरी दरवर्षीं राहण्याजेवण्याची सोय व वेतन देऊन मोडी व फारसी शिकवावी, आणि नकला करूं द्याव्या. ते चित्रकार वा नाटककार असले तरी चालतील. अबुल हसनाच्या चित्रास उत्तर चित्रानेंच दिलें जावें हें उचित होय. चंगीजखानानें एका पोरास जें दिलें, तें कोणास विकत न घेतां आपणांस देतां येण्याजोगें आहे. संग्राहकांनीं व मंडळांच्या चालकांनीं या सूचनेचा विचार करावा अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.