व्हायोलिनची जुळणी : पेटीवर कीं कानावर?

घरांत मूल व्हायोलिन शिकूं लागलें, कीं पहिला प्रश्न गजाचा नसून खुंट्यांचा असतो. चार तारा जुळवावयाच्या कशावर? बहुतेक घरीं पेटीच्या पट्टीवर, आणि आतां मोबाईलवर. या साध्या प्रश्नामागें आपल्या संगीतांतील एक जुना वाद उभा आहे.

युरोपांत या तारा पंचमाच्या अंतरानें लावतात. आपले वादक त्या षड्जास अनुसरून सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशा मिळवितात. शुद्ध पंचमाचें प्रमाण तीनास दोन. पेटीचा पंचम मात्र सप्तकाच्या बारा समान भागांमुळें किंचित् उतरलेला असतो. ४४० कंपनांच्या स्वराखालीं शुद्ध पंचमाची तार २९३.३३ वर येते, समान विभागणींत २९३.६६ वर. फरक क्षुद्र दिसतो. परंतु दोन्ही तारा एकत्र वाजविल्या, तर सेकंदाला सुमारें एक लाट कानास जाणवते.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या विचारास धरून क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्यानें श्रुति-हार्मोनियम पुढें आणलें, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत त्यावर चर्चा झाली. पण तें रुजलें नाहीं. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीवर बंदी घातली. ती १९७१ सालीं शिथिल झाली. घराघरांतून पेटी हलली नाहीं ती नाहींच.

नाशिककरांस या वादाचें उत्तर गोदाकाठींच सांपडावें. १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढणारे पं. विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यांत येथें रामनाम आधार आश्रमांत राहिले. बालपणीं फटाक्यानें त्यांची दृष्टि अधू झाली होती; त्यांचें सारें कर्तृत्व कानाच्या बळावर उभें राहिलें.

तेव्हां घरीं तंबोऱ्याचा षड्ज धरावा व त्यास एक तार मिळवावी. मग शेजारची तार तिच्यासह लांब गजानें वाजवीत, खुंटी आंत दाबून हळूहळू फिरवावी. तार खालून वर न्यावी आणि लाट थांबली कीं थांबावें. घोडी सरळ आहे ना, तें पाहावें. शेवटीं पहिली तार पुन्हां तपासावी, कारण ताण बदलला कीं ती उतरते. पावसाळ्यांत लाकूड फुगून खुंट्या अडकतात, उन्हाळ्यांत सुटतात. म्हणून हें रोजचेंच काम समजावें.

यंत्र आरंभाचा स्वर सांगेल. तारा एकमेकींशीं मिळाल्या कीं नाहीं, याचा निवाडा मुलाच्या कानास करूं द्यावा; तो अधिकार यंत्राकडे गेला, तर वाद्य घरांत राहील, पण स्वर पारखणारा कान राहणार नाहीं.